रुमालाखालचा युरो

प्रति,
सर्व बँकांच्या परकीय चलन विभागांचे प्रमुख, आणि शाखाशाखांतून परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरून घेणारी मंडळी,

स. न. वि. वि.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी आहे. सत्तावीस वर्षं झाली. माझं काम पट्ट्या लिहिण्याचं. शेतकरी माल आणतो, सौदा होतो, काटा होतो आणि मग मी त्याच्या हातात पट्टी देतो. पोती किती, वजन किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती, हातात पडणार किती, सगळं त्या वीतभर कागदावर. शेतकऱ्याकडे चष्मा नसला तर तो शेजारच्याकडून वाचून घेतो, पण वाचल्याशिवाय उठत नाही. एखाद्या आकड्यावर बोट ठेवून “हे कशाचं?” म्हणाला, तर मला उत्तर द्यावं लागतं. उत्तर पटलं नाही तर तो पुढच्या खेपेला शेजारच्या दुकानात माल उतरवतो. इतका साधा व्यवहार आहे.

२०२५ च्या जूनमध्ये मी पहिल्यांदा शेतकऱ्याच्या जागी बसलो. म्हणजे तुमच्यापैकी एका बँकेच्या काउंटरसमोर. बँकेचं नाव लिहीत नाही. एकतर त्या शाखेतली पोरं स्वभावाने चांगली आहेत, आणि दुसरं म्हणजे मी नंतर चार ठिकाणी चौकशी केली तेव्हा कमीअधिक सगळीकडे हाच मामला दिसला. एकाला झोडपून काय होणार?

झालं असं. आमच्या मुलीला जर्मनीत एमएसला प्रवेश मिळाला. सरकारी विद्यापीठ, त्यामुळे शिकवणीची फी जवळजवळ नाही. पण व्हिसासाठी वर्षभराचा राहण्याखाण्याचा पैसा आधी तिकडच्या एका बंद खात्यात भरून दाखवावा लागतो. महिन्याला ९९२ युरो, बारा महिन्यांचे ११,९०४. जर्मनीला मुलं पाठवलेल्या कुठल्याही आईबापाला हा आकडा झोपेत विचारा. खातं पूर्ण भरलं की तिकडून दाखला येतो, तो व्हिसाच्या अर्जाला जोडायचा, आणि मुलगी पोचली की दरमहा ९९२ तिला सुटतात. मी एफडी मोडली, सौ.ने तिची भिशी आणि पोस्टातलं मिळून घातलं आणि आम्ही दोघं शाखेत आलो.

“चार्जेस किती?” मी विचारलं. सवयच ती.

“हजार रुपये काका, अधिक जीएसटी. बाकी काही नाही.”

बारा लाखांच्या व्यवहाराला हजार रुपये! मला वाटलं, आमच्या अडतीपेक्षा हे बरं. मी सही केली. घरी येऊन पावती वाचली आणि मग रात्री पट्टीबुक काढून हिशोब मांडत बसलो.

तोच हिशोब इथे मांडतो. आकडे सोपे राहावेत म्हणून त्या दिवशी बाजारात युरोचा मधला दर, म्हणजे घेण्याच्या आणि विकण्याच्या भावांच्या मधोमधचा, १०० रुपये होता असं धरू. खराही त्याच्याच आसपास होता. तुम्ही मला लावलेला दर मधल्या दरापेक्षा अडीच टक्क्यांनी चढा होता, म्हणजे १०२ रुपये ५० पैसे. ११,९०४ युरोचे मधल्या दराने ११,९०,४०० रुपये होतात. तुमच्या दराने १२,२०,१६०. फरक २९,७६० रुपयांचा. पावतीवर दिसणारा खर्च असा: फी १,००० आणि त्यावर जीएसटी १८०. शिवाय चलन बदलण्यावर वेगळा जीएसटी असतो, तो सरकारने ठरवून दिलेल्या कोष्टकाने निघतो. दहा लाखांच्या वरच्या रकमेला ५,५०० रुपये अधिक दहा लाखांवरच्या भागाचा ०.१ टक्का, ही झाली सेवेची मानलेली किंमत आणि तिच्यावर १८ टक्के. माझ्या रकमेवर ते १,०३० रुपये आले. म्हणजे दिसणारा एकूण खर्च २,२१०. न दिसणारा २९,७६०. तेरा पटींहून जास्त.

आता मला सांगा, “बाकी काही नाही” हे वाक्य कुठल्या खात्यात टाकू?

त्या पोराने खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. त्याच्या संगणकावर ‘चार्जेस’ या रकान्यात हजारच होते. दराला तो चार्ज मानतच नाही, कारण तुम्ही त्याला तसं शिकवलेलं नाही. दर म्हणजे पाऊसपाण्यासारखी वरून येणारी गोष्ट, असं त्याला वाटतं. मलाही वाटत होतं.

आमच्या यार्डातली जुनी माणसं एक गोष्ट सांगतात. पूर्वी सौद्याच्या वेळी अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालायचे आणि एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. माल ज्याचा, तो शेतकरी समोर उभा राहून फक्त रुमाल हलताना बघायचा. शेवटी त्याला एक आकडा सांगितला जायचा. रुमालाखाली किती ठरलं आणि त्यातलं त्याच्यापर्यंत किती आलं, हे देवाला ठाऊक. ही पद्धत मोडायला कायदा लागला, बाजार समित्या लागल्या, उघड लिलाव लागला. महाराष्ट्राचा बाजार समितीचा कायदा १९६३ चा. म्हणजे हळदीच्या पोत्यावरचा रुमाल निघून साठ वर्षं झाली, आणि माझ्या मुलीच्या युरोवर तो अजून तसाच आहे.

त्याच्याही मागे जायचं तर पेशवाईत अंकुशी रुपया वेगळा, चांदवडी वेगळा, हैदराबादकडचा आणखी वेगळा. एक देऊन दुसरा घ्यायचा तर शराफ बट्टा घ्यायचा. दूरच्या गावी पैसा पोचवायचा तर हुंडी करायची, आणि तिची हुंडणावळ निराळी. दोन कामं, दोन शब्द, दोन दाम. शराफ काही संत नव्हते, पण बट्टा कशाला म्हणतात आणि हुंडणावळ कशाला, हे गिऱ्हाइकाला माहीत असायचं. तुम्ही हुंडणावळ काउंटरवर सांगता आणि बट्टा दरात मिसळता. काही जण तर हुंडणावळ माफ करून ‘शून्य शुल्क’ अशी पाटी लावतात. बट्टा मात्र आत बसलेलाच असतो, कधी कधी थोडा वाढलेला.

आणि हा बट्टा सगळ्यांना सारखा नसतो, हे मला शेठजींमुळे कळलं. आमचे शेठ हळद परदेशी पाठवतात, त्यांचं खातं तुमच्यातल्याच एका बँकेत आहे. मी माझा हिशोब त्यांना दाखवला तेव्हा ते हसले. त्यांच्या डॉलरला बँक मधल्या दराच्या वर किंवा खाली किती घेते ते त्यांनी सांगितलं. ते पैशांत होतं. डॉलरमागे काही पैसे. माझं युरोमागे अडीच रुपये. “तू भाव केला नाहीस,” ते म्हणाले. “बँकेत भाव होतो?” मी विचारलं. सत्तावीस वर्षं सौद्याच्या गलबल्यात बसलेला माणूस मी, आणि बँकेत भाव होतो हे मला माहीत नव्हतं.

होतो. पुढच्या वेळी एका ओळखीच्या हमालाच्या मुलाचे पैसे पाठवायला मी बरोबर गेलो आणि तुमच्या भाषेतच बोललो. म्हटलं, हा तुमचा फळ्यावरचा टीटी सेलिंग दर, म्हणजे बाहेर पाठवायला चलन विकायचा दर झाला, रक्कम मोठी आहे, जिथे दर ठरतो त्या मुंबईच्या डीलिंग रूमला फोन लावा आणि दर कमी करून घ्या. पोराने माझ्याकडे पाहिलं, फोन लावला आणि अर्ध्या तासात युरोमागे एक रुपया कमी झाला. ११,९०४ युरोवर एक रुपया म्हणजे ११,९०४ रुपये. तीन महिने पोती उचलली तरी त्या माणसाच्या हाती एवढी शिल्लक पडत नाही. मी बरोबर नसतो तर ते तुमच्याकडे राहिले असते, आणि तो माणूस “हजारच लागले” म्हणून समाधानाने घरी गेला असता.

तुमच्या दराचं मला सगळ्यात टोचतं ते हे. ज्याला माहीत आहे त्याला स्वस्त, ज्याला माहीत नाही त्याला महाग. आमच्याकडे एका सौद्यात शिकलेल्या शेतकऱ्याला एक भाव आणि अंगठेबहाद्दराला दुसरा असं झालं तर बाजार समितीत गोंधळ होईल.

आता त्या वीस युरोंची गोष्ट.

पैसे गेल्यावर चौथ्या दिवशी मुलीचा रडवेला फोन. खात्यात ११,८८४ युरो जमा झाले होते. वीस कमी. खातं पूर्ण भरल्याशिवाय दाखला मिळत नाही, आणि व्हिसाची मुंबईची तारीख आठ दिवसांवर. मी शाखेत धावलो. तेव्हा मला समजावलं गेलं की तुमचा निरोप ज्या जाळ्यातून जातो, ते स्विफ्ट, म्हणजे १९७३ साली बेल्जियममध्ये सुरू झालेली निरोपांची व्यवस्था. तीत पैसा जात नाही, नुसता निरोप जातो. पैसा एका बँकेच्या दुसऱ्या बँकेतल्या खात्यातून वळता होतो, म्हणजे आपली हुंडीच की. आणि मधे एखादी मध्यस्थ बँक असली तर ती जाता जाता आपला वाटा कापून घेते. तो कोणी सोसायचा, याचे तीन पर्याय फॉर्मवर असतात. सगळा पाठवणाऱ्याने, दोघांनी वाटून किंवा सगळा घेणाऱ्याने. माझ्या फॉर्मवर मधल्या पर्यायाला खूण होती. ती मी केली नव्हती. मला विचारलंही नव्हतं. पहिल्या पर्यायाला थोडी जास्त फी लागली असती, ती मी हसत दिली असती.

मग ते वीस युरो पाठवायचे होते. दोन हजार रुपये. त्याला फी हजार, जीएसटी १८०, चलनबदलाचा किमान जीएसटी ४५. दोन हजार पाठवायला बाराशे पंचवीस. आणि ते वीस परत वाटेत कापले गेले तर? म्हणून मी पन्नास पाठवले. काउंटरवर बसून मला माझ्या वडिलांची मनीऑर्डर आठवली. ते मशीद बंदरला माथाडी होते, आणि दर महिन्याला शिराळ्याकडच्या गावी आईला पैसे पाठवायचे. पोस्टात कमिशन वेगळं, तोंडावर मागून घ्यायचे. पण फॉर्मवर दोनशे लिहिले असतील तर पोस्टमन आईच्या हातावर दोनशेच मोजायचा. एकशे ऐंशी कधी नाही. निरोपाच्या जागेत चार ओळी लिहायची सोय असायची ते वेगळंच.

आता माझी मागणी नीट समजून घ्या, नाहीतर तुम्ही म्हणाल की दिवाणजीला सगळं फुकट पाहिजे. अजिबात नाही. अडत्यालाही अडत लागते, मला माहीत आहे. तुम्हाला कागदपत्रं तपासावी लागतात, फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली प्रत्येक डॉलरची नोंद रिझर्व्ह बँकेला द्यावी लागते, दर मिनिटाला हलत असतो आणि त्या हलण्याचा धोका तुम्ही काही वेळ अंगावर घेता. शनिवार-रविवारी बाजार बंद असताना दर आणखी चढा लावता, तेही समजू शकतो. (समजू शकतो म्हणजे काय, मी आता सोमवार ते शुक्रवार आणि दुपारीच जातो.) घ्या तुमचा वाटा. फक्त पट्टीवर लिहा.

हे अवघड आहे असं सांगू नका. माझा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीला आहे, तो कोल्हापुरात आईला पैसे पाठवतो. तिकडे २०१३ च्या ऑक्टोबरपासून नियम आहे की पाठवणाऱ्याने पैसे देण्याआधी त्याला दर, फी आणि समोरच्याच्या हातात पडणारी रक्कम लिहून दाखवायची. तो मला स्क्रीनचा फोटो पाठवतो, मी बघत बसतो. युरोपात २०२० पासून कार्डाने दुसऱ्या चलनात पैसे दिले की त्यांच्या मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरापेक्षा तुम्ही किती टक्के जास्त घेतले, ते सांगावं लागतं. जागतिक बँक देशोदेशी पैसे पाठवायचा खर्च मोजते, तेव्हा फी आणि दरातला फरक दोन्ही धरते. त्या मोजणीने जगात दोनशे डॉलर पाठवायला सरासरी सहा टक्क्यांच्या वर खर्च येतो, आणि संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत तो तीनच्या खाली आणायचं ठरवलं आहे. म्हणजे तिकडचे विद्वानही माझ्या पट्टीबुकातल्याच पद्धतीने हिशोब करतात.

आणि संदर्भ दर आपल्याकडेही आहे. फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था रोज कामाच्या दिवशी दुपारी डॉलर, युरो, पौंड आणि येनचा संदर्भ दर जाहीर करते. २०१८ पर्यंत हे काम रिझर्व्ह बँक स्वतः करायची. तो आकडा तुमच्या दराशेजारी छापायला कितीशी शाई लागते?

रिझर्व्ह बँकेने याहून पुढचं पाऊल टाकलेलं आहे, आणि त्याबद्दल तुमच्या शाखांमध्ये जी शांतता आहे ती मला मजेशीर वाटते. ऑगस्ट २०१९ मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा ‘एफएक्स-रिटेल’ नावाचा मंच सुरू झाला. सामान्य गिऱ्हाइकाला डॉलर घ्यायचे असतील तर बँका आपसात ज्या दराने घेतात, त्याच्या जवळचा दर त्याला दिसावा आणि बँकेने आपला वाटा वेगळा सांगावा, हाच त्याचा उद्देश. डिसेंबर २०२४ मध्ये तो भारत कनेक्टशी जोडण्याची घोषणाही झाली, म्हणजे बिल भरतो तसं मोबाइलवरून डॉलर घेता यावेत. माझं काम युरोचं, त्यामुळे मला त्याचा उपयोग नव्हता. पण अमेरिकेला डॉलर पाठवणाऱ्या किती आईबापांना तुमच्यातल्या एकाने तरी आपणहून हे सांगितलं? मी त्या शाखेत नाव काढलं तर पोरगा म्हणाला, “काका, हे काय ॲप आहे का?”

करकपातीबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण काउंटरवर सगळ्यात जास्त घाबरवणारा शब्द तो आहे, टीसीएस. एका आर्थिक वर्षात एका पॅनवर दहा लाखांच्या वर पैसे बाहेर गेले की वरच्या भागावर बँक कर गोळा करते. १ एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा सात लाख होती. २०२५-२६ साठी शिक्षणाला दर ५ टक्के, आणि शिक्षण किंवा उपचार सोडून बाकी बहुतेक कारणांना २०. ठरावीक वित्तसंस्थेकडून शिक्षणकर्ज काढून पाठवलं तर काहीच नाही. माझ्या १२,२०,१६० पैकी वरच्या २,२०,१६० वर ५ टक्क्यांनी ११,००८ रुपये कापले. तुमच्या पोराने हे सांगताना असा चेहरा केला की सौ.ला वाटलं, पैसे बुडाले. वास्तविक हा खर्चच नाही. तो आपल्या नावावरच्या कराच्या पत्रकात दिसतो, विवरणपत्र भरलं की करात वळता होतो किंवा परत येतो, आणि पगारदार माणूस मालकाकडे फॉर्म देऊन पगारातली कपात तेवढी कमी करून घेऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून ती सोय आहे.

मला सल्ला मिळाला की अर्धे माझ्या खात्यातून आणि अर्धे सौ.च्या खात्यातून पाठवा, दोघांचीही मर्यादा वेगळी, टीसीएस शून्य. सल्ला कायदेशीर आहे आणि काहींना सोयीचाही. पण पट्टीबुकात मांडून बघा. दोन व्यवहार म्हणजे आणखी एक फी १,१८०, आणि चलनबदलाचा जीएसटी दोन्हीकडे मिळून १,२७८, म्हणजे २४८ जास्त. एकूण १,४२८ रुपये खर्च. कशासाठी? ११,००८ रुपये वर्षभर अडकू नयेत म्हणून. सात टक्क्यांनी त्यांचं वर्षाचं व्याज ७७० होतं. म्हणजे ७७० वाचवायला १,४२८ घालवायचे. हाताशी रक्कम असेल तर कापू द्या आणि परत घ्या. ज्याला ते अकरा हजार आत्ताच लागणार आहेत त्याची गोष्ट वेगळी. हा हिशोब तुम्ही करून द्यायला पाहिजे होता. तुमच्याकडे संगणक आहेत.

त्यातही एक अपघात होता होता वाचला. तुमच्या पोराने फॉर्मवर कारणाचा कोड एस१३०१ टाकला होता, नातेवाइकांच्या निर्वाहाचा. “राहण्याखाण्याचेच पैसे ना, काका?” तर्क बरोबर वाटतो. पण निर्वाह म्हटलं की दर २० टक्के, म्हणजे माझे ४४,०३२ अडकले असते. प्रत्यक्ष कर मंडळाच्या ३० जून २०२३ च्या परिपत्रकात स्वच्छ लिहिलं आहे की शिक्षणासाठीच्या पैशात फी तर येतेच, शिवाय विद्यार्थ्याचं जाण्यायेण्याचं तिकीट आणि शिकण्यासाठी लागणारा रोजचा खर्चही येतो. शिक्षणाचा कोड एस०३०५. हे मला मुलीच्या मैत्रिणीच्या वडिलांनी सांगितलं होतं, ते एसटीत वाहक आहेत. बँकेला सांगणारा एसटीचा वाहक! मी परिपत्रकाची प्रत काढून नेली होती म्हणून कोड बदलला. ती प्रत न नेणाऱ्यांचं काय होत असेल?

इतर आईबापांनी हे पत्र वाचलं तर त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, तुमची परवानगी न घेता. मोठी रक्कम असेल तर फीकडे बघूच नका, दराकडे बघा. लहान रक्कम असेल तर उलट. एक टक्का दर आणि १,१८० ची फी यांचं वजन साधारण सव्वा लाखाच्या अलीकडे, १,१८,००० ला सारखं होतं. त्याच्या खाली फी जड, वर दर जड. म्हणून मुलीला दर महिन्याला वीस-पंचवीस हजार पाठवण्यापेक्षा चार महिन्यांचं एकदम पाठवलेलं बरं. जीएसटीचं कोष्टकही मोठ्या रकमेला सवलत देतं. एकेक लाख चारदा पाठवले तर ७२० रुपये जातात, चार लाख एकदम पाठवले तर ४५०. आणि कोणालाही “चार्ज किती” असं विचारू नका. “मी सगळं मिळून इतके रुपये देतो, तिच्या खात्यात किती युरो पडतील?” एवढाच प्रश्न, तीन बँकांत, एकाच दिवशी, एकाच तासात. ज्याचे युरो जास्त, तो स्वस्त. तिकडे मुलांनी इकडचं कार्ड वापरलं आणि मशीनने “रुपयांत की युरोत?” असं विचारलं तर युरोत म्हणायचं. रुपयांत म्हटलं की आणखी एक रुमाल मधे येतो.

सिंगापूरला नातेवाईक असणाऱ्यांचं बरं आहे. फेब्रुवारी २०२३ पासून यूपीआय तिकडच्या पेनाऊ या तसल्याच व्यवस्थेशी जोडलेलं आहे. ठरावीक बँकांतून, दिवसाला ६०,००० रुपयांपर्यंत, मोबाइलवरून. जून २०२४ च्या अखेरीस रिझर्व्ह बँक नेक्सस नावाच्या अशाच एका मोठ्या जोडणीतही सामील झाली आहे. रस्ते होत आहेत. पण रस्ता नवा झाला तरी दर रुमालाखालीच राहिला तर मला काय? पैसा चार दिवसांऐवजी चार सेकंदांत पोचेल आणि अडीच टक्के चार सेकंदांत जातील.

तेव्हा मागणी एवढीच. सहीच्या आधी, गिऱ्हाइकाच्या भाषेत, एका कागदावर चार ओळी: आजचा संदर्भ दर; आमचा दर; दोहोंतल्या फरकाचे एकूण रुपये; तिकडे नक्की पडणारी रक्कम, मधल्या बँकेची कपात धरून. नियम येईल तेव्हा येईल. शेतकऱ्याला खरी पट्टी द्यायला चांगल्या अडत्याने कधी कायद्याची वाट पाहिली नाही. तुमच्यातली जी बँक हे पहिल्यांदा करेल तिच्या दारात आमच्या यार्डातले, हळदीवाले, गूळवाले, बेदाणेवाले, रांग लावतील. कारण आता यार्डात चार दुकानं सोडून एक मूल बाहेर आहे.

मुलीचं दुसरं वर्ष लागायच्या आधी मला पुन्हा ११,९०४ पाठवायचे आहेत. आमच्या पट्ट्या जो छापतो त्याच्याकडून मी एक कोरं पट्टीबुक छापून घेतलं आहे, वर सांगितलेल्या चार ओळींचं, खाली ‘बँकेतर्फे सही’ अशी जागा ठेवून. ते घेऊन मी तुमच्यापैकी तिघांकडे येणार आहे, मंगळवारी, अकरा वाजता. कार्बन माझा. पेन तुमचं चालेल.

आपला,
एक दिवाणजी,
मार्केट यार्ड, सांगली